न पाहण्याची विद्या : कंधार-लोह्याच्या दप्तरांपासून पेशवे दप्तरापर्यंत

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील तहसिलींच्या अभिलेख कक्षांत एकाएकी वर्दळ वाढली. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे-पाटील यांचे उपोषण सुरू होते. त्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीपुढील काम सांगायला एका वाक्याचे होते : १९६७ पूर्वीच्या कागदांत ‘कुणबी’ ही नोंद कोठे कोठे आहे, ते शोधणे. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू न्याय्य, याची चर्चा येथे करायची नाही. ती दोन्ही बाजूंनी भरपूर झाली आहे. येथे प्रश्न निराळा आहे. लाखो पानांतून एकच शब्द हुडकणारा डोळा नेमके काय करतो? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो काय करायचे टाळायला शिकतो?

१९६७ हे वर्ष का, हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख धरली जाते. अर्जदाराच्या रक्तसंबंधातील कोणाची तरी त्या तारखेपूर्वीची जातीची नोंद सापडली, तर तो पुरावा भक्कम ठरतो. म्हणजे पणजोबांच्या नावापुढे एखाद्या कारकुनाने किंवा कोतवालाने शंभर वर्षांपूर्वी घाईघाईने टाकलेला एक शब्द आज पणतूच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न सोडवू शकतो. शोधणाऱ्याची नजर त्या ओळीवरून घसरली, तर त्या कुटुंबापुरता तो कागद असून नसल्यासारखाच.

लोहा तालुक्याचे उदाहरण घेऊ. हा तालुका अलीकडचा. पूर्वी ही गावे कंधार तालुक्यात होती आणि कंधार निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे लोह्याच्या माणसाचा जुना कागद लोह्यात असेलच असे नाही. बरे, कागद हाती आला तरी तो कोणत्या लिपीत असेल? १८८४ पासून हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालू लागला, त्याआधी तो फारसीत होता. गावपातळीवर पटवारी मात्र मराठीत लिहीत, आणि जुन्या पिढीचे पटवारी मोडीत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर बाळबोध लिपीतील छापील नमुने आले. एकाच गावाच्या, कधी कधी एकाच घराण्याच्या, इतिहासाचा माग काढताना तीन लिप्यांची वळणे ओळखावी लागतात.

शोधायच्या कागदांची यादीही लांबलचक होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम, निबंधक कार्यालयातील खरेदीखते, आबकारी खात्याच्या नोंदवह्या, पोलिसांची गुन्हे रजिस्टरे आणि तुरुंगातील कच्च्या कैद्यांच्या वह्यासुद्धा. ज्या वहीत पणजोबांचे नाव सापडू नये असे एरवी प्रत्येकाला वाटेल, तीत ते सापडावे म्हणून आता लोक आशेने वाट पाहत होते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जी आकडेवारी सांगितली, तीनुसार सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या गेल्या होत्या आणि त्यांत ११,५३० ठिकाणी कुणबी नोंद आढळली होती. सरासरी काढली तर साधारण दीड हजार नोंदींमागे एक. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

नवशिक्या माणसापुढे जुन्या रजिस्टराचे पान ठेवले, तर त्याचे लक्ष प्रथम कोठे जाते? गोल शिक्क्याकडे. तांबड्या शाईच्या रेघेकडे. कसरीने पाडलेल्या भोकाकडे, शाईच्या डागाकडे, कोण्या अधिकाऱ्याच्या ऐसपैस सहीकडे. यांतील एकही गोष्ट त्याला नको असते, पण नजर तिकडेच ओढली जाते. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकात या ओढीचा बारकाईने अभ्यास केला आहे. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये दाखवले की रंगासारख्या एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतून आपोआप उठून दिसते; तिला शोधावे लागत नाही. पुढे नेदरलँड्समधील यान टेवेस यांनी याची दुसरी बाजू पुढे आणली. उठून दिसणारी वस्तू आपल्याला नको असली, तरी ती लक्ष हिरावून घेते आणि हव्या त्या वस्तूचा शोध लांबतो.

ही ओढ सवयीने मोडता येते. त्याच टेवेस यांनी बेंची वांग यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लक्ष विचलित करणारी आकृती पडद्यावर एका विशिष्ट जागी अधिक वेळा येत असे. पाहणाऱ्यांना हे कोणी सांगितले नव्हते आणि बहुतेकांच्या ते ध्यानातही आले नाही. पण त्यांच्या नजरेने मात्र ती जागा वगळायला सुरुवात केली. दप्तरातील जुना कारकून नेमके हेच करतो. शिक्का पानाच्या कोणत्या कोपऱ्यात असतो, हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक झालेले असते, म्हणून शिक्का त्याला दिसतच नाही. ‘तुम्ही कसे शोधता?’ असे विचारले, तर त्याला धड सांगता येणार नाही, कारण ही विद्या त्याला शब्दांतून मिळालेली नसते. मात्र ती त्या विशिष्ट पानापुरतीच असते. गाव नमुना १४ वर तयार झालेली नजर तुरुंगाच्या वहीवर पुन्हा अडखळते. तेथे शिक्के निराळे, रकाने निराळे, वगळायच्या जागाही निराळ्या.

लोह्याच्या माणसाला हे समजवायला प्रयोगशाळेची गरज नाही. तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा आणि गुराढोरांचा मोठा बाजार भरतो. झूल, गोंडे, घुंगुरमाळा आणि रंगवलेली शिंगे पाहून थबकतो तो हौशी प्रेक्षक. मुरलेला गिऱ्हाईक सरळ जनावराचा जबडा उघडतो आणि दात पाहतो. बैल आदत आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे आधी. विकणाराही हे जाणून असतो. तरी तो झूल घालतोच, कारण बाजारात नवखे गिऱ्हाईक नेहमीच असते.

बाजारातील झूल आणि दप्तरातील शिक्का ही भडक विघ्ने. ती जेवढी ठळक, तेवढी ती टाळायला शिकणे सोपे. खरा घोळ घालतात ती हव्या त्या वस्तूसारखीच दिसणारी विघ्ने. जॉन डंकन आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी १९८९ मध्ये मांडलेले तत्त्व असे : शोधायची वस्तू आणि तिच्याभोवतीच्या नकोशा वस्तू यांत साम्य जितके अधिक, तितका शोध अवघड. आता ‘कुणबी’ हा शब्द मराठी महसुली कागदात शोधून पाहा. जवळपास प्रत्येक जुन्या पानावर सही कोणाची? कुलकर्ण्याची. गावात घरे कोणाची? कुंभाराचीही. जमीन कसणारा कोण? कूळ. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, तेव्हा ‘कूळ’ आणि ‘कुळ’ एकच. ‘कु’ने सुरू होणारा शब्द शोधायचा आणि तोही कूळ नोंदवहीत, म्हणजे चाळणीत पाणी धरण्याचाच प्रकार. नवखा वाचक प्रत्येक ‘कु’पाशी थांबतो. जाणता वाचक पहिले अक्षर सोडून पुढच्या ‘ण’ची वाट पाहतो.

मोडीत आणखी एक अडचण आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि मग अक्षरे त्या रेघांना खाली लटकवीत जातो. बाळबोधीत शिरोरेषा शब्दाशब्दाला तुटते आणि शब्द कोठे संपला ते सांगते. मोडीत ती या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड धावते. विरामचिन्हे नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. आधुनिक वाचकाचा डोळा लहानपणापासून मोकळ्या जागा शोधायला शिकलेला असतो, आणि मोडीचे पान त्याला ती एकही देत नाही. म्हणून मोडी शिकणाऱ्याला आरंभी वर्णमालेपेक्षाही जड जाते ते त्या रेघेकडे दुर्लक्ष करणे. डोळा रेघेवरून खाली उतरला की अक्षरे सुटी होऊ लागतात.

उर्दू रजिस्टरांत दिशाच उलटी. पहिला रकाना उजव्या कडेला असतो आणि सवयीने डावीकडून सुरुवात करणारा शेवटच्या रकान्यात नाव शोधत बसतो. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते गाळले जातात. ‘कुणबी’ उर्दूत लिहिताना मध्ये येणारे नून आणि बे हे दोन सारखेच दिसणारे दंतुर आकार असतात. त्यांच्यातला फरक सांगणारा वरचा आणि खालचा नुक्ताच लिहिलेला नसेल, तर अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. शिवाय सनावळी फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवल्यावर इसवी सन येते, म्हणजे १३१० फसली हे १९००-०१ च्या सुमाराचे वर्ष. १९६७ ही मर्यादा मनात धरून बसलेल्याला ‘१३१०’ हा आकडा पाहून हे साल आहे असेही प्रथम वाटत नाही.

समजा, शब्द सापडला. तरी प्रश्न संपत नाही, आणि येथे डोळ्याचे काम संपून इतिहासकाराचे सुरू होते. जुन्या मराठीत ‘कुणबी’ म्हणजे जातीचा माणूस तसाच शेती कसणारा माणूसही; ‘कुणबीक’ म्हणजे शेतकी. मोल्सवर्थच्या कोशकाळातही हा दुहेरी अर्थ जिवंत होता. तेव्हा तो शब्द कोणत्या रकान्यात आला आहे, जातीच्या की धंद्याच्या, हे पाहिल्याशिवाय शब्दाला किंमत नाही. मघाशी नजरेने जो रकान्याचा मथळा नकोसा म्हणून वगळला होता, तोच आता निर्णायक ठरतो. केवळ शब्दावर झडप घालणाऱ्या नजरेचा हा मोठा दोष आहे, आणि घाईच्या सरकारी मोहिमेत तो होण्याची शक्यता सर्वाधिक.

दुसरा धोका प्रमाणाचा. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा पण अस्वस्थ करणारा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल, तर पाहणारे ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवतात. तीच वस्तू शंभरांतून एकाच चित्रात असेल, तर चुकण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर जाते. वस्तू तीच, डोळे तेच. पण ‘नाही, नाही’ म्हणण्याची सवय जडते आणि हात लवकर पान उलटतो. तो प्रयोग विमानतळावरच्या सामान तपासणीसारख्या कामांची काळजी डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. त्यात दुर्मीळ म्हणजे शंभरात एक. मराठवाड्यातील शोधात दीड हजारात एक. प्रयोगशाळेचा आकडा जसाच्या तसा अभिलेख कक्षाला लावता येणार नाही, हे खरे. पण एकदा चाळलेली वही दुसऱ्या, ताज्या डोळ्यांनी पुन्हा चाळावी, असे म्हणायला तो पुरेसा आहे.

ही विद्या मराठी दप्तरांत नवी नाही. अठराव्या शतकातील पत्र उघडले की आरंभी मायना येतो : श्रीमंत, राजश्री, सेवेसी, साष्टांग नमस्कार, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाण्याची विनंती. हे सारे ठरलेले, आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या दृष्टीने रिकामे. मग येतो ‘विशेष’ हा शब्द, आणि मजकूर तेथून सुरू होतो. फडावर शेकडो पत्रे वाचणारा कारकून मायन्यावरून नजर फिरवीत थेट ‘विशेष’पाशी उतरत असणार, आजचे मोडी वाचक तेच करतात. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ दिसले की पत्र संपले. मजकुराच्या दोन्ही कडांना बांधलेली ही ठरावीक शब्दांची चौकट म्हणजे शोधणाऱ्यासाठी केलेली सोयच होती. हिंदुस्थानी कारभारातील लांबलचक मायन्यांची टिंगल पुष्कळांनी केली आहे. त्यांची ही बाजू क्वचितच कोणी ध्यानात घेतली.

इतिहाससंशोधकांनी ही नजर उचलली आणि तिच्या बळावर फार मोठे काम केले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. वासुदेवशास्त्री खरे त्याच सुमारास पटवर्धनी दप्तर चाळत होते. सर्वांत मोठा डोंगर होता पुण्याचे पेशवे दप्तर : सुमारे पस्तीस हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची तितकी गाठोडी. मुंबई सरकारने ते काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपवले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा ढीग उपसायचा, तर अफाट गोष्टी न पाहता पुढे जावे लागणार. सरदेसायांना हवी होती राजकीय पत्रे : मोहिमा, तह, वकिलांची बातमीपत्रे. रुमालांत मात्र बहुसंख्य कागद हिशेबाचे होते, जमाबंद्या, ताळेबंद, झडत्या. एका मोहिमेचे पत्र शोधताना हे कागद म्हणजे गर्दी. ते वगळले नसते, तर ४५ खंड कधीच झाले नसते.

गंमत अशी की या गर्दीचे मोल आधीच एकाने सांगून ठेवले होते. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून उतारे काढले होते. त्यांच्यावर १९०० मध्ये लिहिताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बजावले की बखरींना आणि ग्रँट डफला लढायांपलीकडचे दिसले नाही. लोक कसे जगत होते, ते या रोजकीर्दींत आहे. तरीही मराठी संशोधनाची नजर पुढील कित्येक दशके तह आणि मोहिमा यांवरच खिळलेली राहिली. एकदा ‘नको’ म्हणून शिकलेली गोष्ट ‘हवी’ म्हणून शिकणे किती कठीण असते, याचा पुरावा प्रयोगशाळेतूनही मिळतो. वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी १९७७ मध्ये लोकांना इंग्रजी वर्णमालेतील काही अक्षरे शोधायला आणि काही वगळायला हजारो वेळा लावले. लोक त्यात विलक्षण तरबेज झाले. मग दोन्ही गट अदलाबदल केले. तेव्हा त्यांची कामगिरी अगदी पहिल्या दिवसापेक्षाही खाली घसरली. शिकलेली नजर कोऱ्या नजरेपेक्षा वाईट ठरली.

योगायोगाने त्याच १९७७ मध्ये स्ट्यूअर्ट गॉर्डन या अमेरिकी अभ्यासकाने माळव्यातील मराठी अंमलाच्या उभारणीवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार पेशवे दप्तरातील महसुली कागद होते. कोणत्या परगण्यातून किती वसूल ठरला, किती आला, कोणत्या वर्षी पहिल्यांदा हिशेब नीट लागला, यावरून त्यांनी दाखवले की माळवा एका लढाईत ‘जिंकला’ गेला नाही. तो वर्षानुवर्षे हळूहळू हिशेबात आला. तह शोधणाऱ्या डोळ्याला हे दिसणे शक्यच नव्हते. येथे सरदेसायांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे शोधायचे ठरवले ते शोधले. पण छापील खंडांनाच दप्तर समजून चालणाऱ्या नंतरच्या पिढ्यांना हा दोष द्यायला हरकत नाही.

आज ‘कुणबी’ हा एक शब्द शोधण्यासाठी मराठवाड्यातील जी रजिस्टरे उघडली गेली, त्यांच्याबाबतही असेच काही घडते आहे. इतक्या गावांची, इतक्या खात्यांची दप्तरे एका वेळी उघडण्याचा प्रसंग या भागात क्वचितच आला असेल. शब्द सापडलेली पाने छायाप्रती होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आणि लोक आपापल्या गावाच्या यादीत आडनाव हुडकू लागले. शब्द न सापडलेली पाने उलटली गेली. जन्ममृत्यूच्या वहीत जातीच्या रकान्याशेजारी मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो. पटकी, ताप, प्लेग, आणि १९१८ च्या साथीतील त्या थोड्या आठवड्यांत एकाच घरातून ओळीने लिहिलेली नावे. बटाईच्या चिठ्ठ्यांत कोणी कोणाची जमीन किती वाट्याने केली ते आहे. आबकारीच्या वहीत परवाने आहेत, कैद्यांच्या वहीत गुन्हे. कंधार तालुक्याचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी हीच पाने लागतील. त्याला मोडी यावी लागेल, शिकस्ता वाचता यावी लागेल, फसली सन मनातल्या मनात बदलता यावे लागेल. आणि वही उघडल्यावर पहिले काही दिवस ‘कु’ दिसताच थांबण्याची सवय त्याला मोडावी लागेल.